शीड केवढं घ्यायचं? वऱ्हाडच्या वाऱ्याचा हिशेब

(अकोल्यात झालेल्या जाहीर व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याची धाटणी शक्यतो तशीच ठेवली आहे. शेवटी श्रोत्यांचे निवडक प्रश्न आणि उत्तरं दिली आहेत.)



आजच्या व्याख्यानाचा विषय जाहीर झाला आणि दुसऱ्याच दिवशी एका जुन्या मित्राचा फोन आला. म्हणाला, "काहून बाप्पा, अकोल्यात समुद्र कवा आला?" त्याचा प्रश्न रास्त आहे. विंडसर्फिंग म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गोवा येतो, निळं पाणी येतं, नारळाची झाडं येतात. आपल्याकडे पऱ्हाटी आहे, तूर आहे आणि मे महिन्यात डोकं तापवणारं ऊन आहे. मग इथं बसून शिडाच्या मापाची चर्चा कशाला?

त्याचं उत्तर असं की हा खेळ समुद्राचा नाही, वाऱ्याचा आहे. पाणी कुठलंही चालतं. अमेरिकेत न्यूमन डार्बी नावाच्या माणसानं १९६४ च्या सुमारास फळीवर फिरतं शीड बसवून पाहिलं, ते पेनसिल्व्हेनियात, नदीच्या पाण्यावर. पुढे कॅलिफोर्नियात जिम ड्रेक आणि हॉइल श्वाइट्झर यांनी त्याला आजचं रूप दिलं आणि १९६८ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला, तेव्हा तो समुद्रावर गेला. आपल्या शेजारचं बघा. हैदराबादच्या हुसेनसागरावर शिडाच्या होड्यांच्या शर्यती होतात, त्यातली एक तर भर पावसाळ्यात होते. भोपाळच्या बड्या तलावावर शिडाच्या होड्या चालवण्याचं प्रशिक्षण मिळतं. तिथं तयार झालेल्या नेहा ठाकूरनं २०२३ मध्ये हांगझोच्या आशियाई खेळांत रौप्यपदक मिळवलं. त्याच स्पर्धेत विंडसर्फिंगमध्ये ईबाद अलीनं कांस्य मिळवलं. म्हणजे समुद्रापासून शेकडो किलोमीटर लांब राहणाऱ्यानं शिडाचा नाद करू नये, असा काही नियम नाही.

पण एक गोष्ट आहे. समुद्रकाठचं ज्ञान जसंच्या तसं इथं आणलं की फसगत होते. पैसा जातो आणि कधी कधी जिवावरही बेततं. माझ्यावर बेतलं होतं, ते पुढे सांगतो. आज माझं म्हणणं एवढंच आहे: शिडाचं माप पुस्तकातल्या तक्त्यावरून ठरवू नका, आपल्या पाण्यावरच्या वाऱ्यावरून ठरवा. आणि त्यासाठी आधी आपला वारा ओळखा.

शिडावरचा आकडा

ज्यांनी हे साधन पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यं. खाली तरंगणारा बोर्ड असतो. त्यावर डोलकाठी, म्हणजे मास्ट, कुठल्याही दिशेला वळेल अशा सांध्यावर बसवलेला असतो. त्याला शीड असतं आणि शिडाला धरायला आडवा बूम. सुकाणू नाही. शीड पुढे झुकवलं की बोर्ड एका बाजूला वळतो, मागे झुकवलं की दुसऱ्या बाजूला. म्हणजे शिडाचं सगळं ओझं तुमच्या हातांवर आणि कमरेवर येतं. होडीत दोरी सोडून सुटका होते, इथं डोलकाठीच तुम्ही आहात. म्हणून माप चुकलं तर ते लगेच अंगाला कळतं.

शिडावर ४.७, ५.५, ७.० असे आकडे छापलेले असतात. ते चौरस मीटर. पाच चौरस मीटर म्हणजे साधारण मोठ्या लुगड्याच्या निम्म्याएवढं कापड, असं समजा. ७.५ चं शीड आडवं अंथरलं तर लहान खोली भरते.

वारा दुप्पट, जोर चौपट

आता थोडं गणित, घाबरू नका. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला तर दाब दुप्पट नाही, चौपट होतो. वेग तिप्पट झाला तर नऊपट.

आकड्यांत बघू. ताशी १८ किलोमीटरचा वारा, म्हणजे सेकंदाला ५ मीटर. दर चौरस मीटरवर त्याचा दाब साधारण दीड किलो वजनाएवढा पडतो. सहा चौरस मीटरच्या शिडावर नऊ किलो. बाजारातून गव्हाची पिशवी आणतो तेवढं. वारा ताशी ३६ झाला की तेच शीड छत्तीस किलोनं ओढतं. आणि ताशी ५४ झाला, म्हणजे उन्हाळ्यातल्या संध्याकाळी येतं तसलं वावधन, की ऐंशी किलो. तुमचं वजन सत्तर. आता कोण कोणाला नेणार ते तुम्हीच सांगा. हे आकडे ढोबळ आहेत, शीड किती कोनात धरलंय यावर ते कमीजास्त होतात. पण वाढीचं प्रमाण हेच.

शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. खळ्यावर उफणणी करणारी माणसं तिवईवर उभी राहून आधी मूठभर भुसा सोडून बघायची. वारा मंद असेल तर भुसा पायाशीच पडतो. बरा असेल तर भुसा लांब जातो आणि दाणे सरळ खाली येतात. फार झाला तर दाणेही उडतात, मग सूप खाली ठेवून बिडी पेटवायची आणि थांबायचं. कमी, पुरेसा आणि फाजील अशी वाऱ्याची तीन मापं आपल्या आजोबांना माहीत होती. विंडसर्फरला शीड निवडताना नेमकं हेच करायचं असतं.

ढोबळ सूत्र

खेळाडूंमध्ये एक सोपं सूत्र चालतं. तुमचं वजन किलोत घ्या, त्याला १.४ नं गुणा आणि वाऱ्याच्या नॉटमधल्या वेगानं भागा. येईल ते शिडाचं माप. एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर. झटपट हिशेबासाठी किलोमीटरचे निम्मे करा, चालतं.

सत्तर किलोच्या माणसासाठी काढू. १० नॉटला ९.८. १२ नॉटला ८.२. १५ ला साडेसहा. २० ला ४.९. २५ ला ३.९. वजन ५५ असेल तर १५ नॉटला ५.१ पुरतं. म्हणजे दोन मित्र एकाच वाऱ्यात एकच शीड आलटून पालटून वापरतात तेव्हा त्यातल्या एकाची पंचाईत ठरलेली.

इथं कुणी हुशार विद्यार्थी विचारेल: सर, जोर वर्गानं वाढतो म्हणालात, मग वारा दुप्पट झाल्यावर शीड एक चतुर्थांश व्हायला पाहिजे, तुमच्या सूत्रात निम्मंच होतं. बरोबर पकडलं. कारण हे सूत्र भौतिकशास्त्राचं नाही, वापरातून आलेलं आहे. मोठ्या वाऱ्यात खेळाडू वेगानं जातो, मागे जास्त झुकतो, कमरेला बांधलेल्या हार्नेसवर भार घेतो आणि शिडाचा वरचा भाग मोकळा सोडून थोडा वारा वाया घालवतो. म्हणजे तो जास्त जोर पेलायला तयार असतो. मंद वाऱ्यात उलटी अडचण. गणितानं पंधरा-वीस चौरस मीटरचं शीड मागितलं, तरी ते उचलणार कोण?

आणि एक अट लक्षात ठेवा. हे सूत्र प्लेनिंगसाठी आहे, म्हणजे बोर्ड पाणी फाडत न जाता पाण्यावर चढून धावतो त्या अवस्थेसाठी. ज्याला ते अजून येत नाही त्यानं हे सूत्र वापरायचंच नाही. नवशिक्याचा नियम वेगळा: मंद वारा आणि लहान शीड. मोठ्या माणसाला साडेतीन ते पाच, लहान मुलाला दीड ते तीन. कारण नवशिका पन्नास वेळा पडतो आणि पन्नास वेळा दोरीनं शीड पाण्यातून ओढून उभं करतो. शिडावर पाणी साचलं की ते किती जड होतं, ते एकदा केल्याशिवाय कळत नाही.

आपला वारा

आता मुख्य गोष्ट. तक्ते बनवणारी माणसं समुद्रकाठची. त्यांच्याकडे वारा दुपारी ठरल्या वेळी येतो, एका दिशेनं येतो आणि तासन्‌तास एकसारखा वाहतो. आपला वारा तसा नाही.

वऱ्हाडचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. उत्तरेला सातपुड्याची गाविलगडची रांग. दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर. मधे पूर्णेचं सपाट खोरं, पश्चिमेला उतरत तापीला मिळणारं. म्हणजे दोन्ही बाजूंना भिंती आणि पश्चिमेला उघडं दार. उन्हाळा-पावसाळ्यातला जोराचा वारा मुख्यतः पश्चिमेच्याच अंगानं येतो.

वर्षाचं गणित असं. ऑक्टोबर ते जानेवारी वारा मंद. सकाळी तर धुराची रेघ सरळ वर जाते. फेब्रुवारी-मार्चपासून तो हळूहळू उठतो. मे, जून, जुलै हे जोराचे महिने. सप्टेंबरमध्ये पुन्हा पडतो.

आता धरणांकडे बघा. काटेपूर्णा घ्या, ऊर्ध्व वर्धा घ्या. पाणी केव्हा भरलेलं असतं? सप्टेंबर ते जानेवारी. वारा केव्हा असतो? मे आणि जूनमध्ये, जेव्हा पाणी तळाला गेलेलं असतं, काठाला चिखल असतो आणि बुडालेल्या झाडांचे खुंट वर आलेले असतात. शिवाय पाणी खाली गेलं की भोवतीचा काठ उंच होतो आणि वारा डोक्यावरून निघून जातो. वऱ्हाडात पाण्याचं आणि वाऱ्याचं असं वाकडं आहे. पाणी असतं तेव्हा वारा नाही, वारा असतो तेव्हा पाणी नाही. दोघांची गाठ पडते ती जुलै-ऑगस्टमध्ये. हैदराबादकर पावसाळ्यात शर्यत घेतात, त्यामागे उगाच हौस नाही. पण याच महिन्यांत धरणांचे दरवाजे उघडतात, हेही विसरायचं नाही. सांडव्याच्या अंगाला जायचंच नाही, कितीही लांबून.

दिवसाचंही एक वेळापत्रक आहे. रात्री जमिनीलगतची हवा गार होऊन खाली बसते. वरचा वारा वरूनच जातो. सूर्य वर आला, जमीन तापली, की हवा ढवळली जाते आणि वरचा वारा खाली उतरतो. म्हणून आपल्याकडे वारा नऊ-दहानंतर उठतो, दुपारी भरात येतो आणि सूर्य कलला की मरतो. समुद्रकाठासारखी संध्याकाळची हमी इथं नाही. दुपारी चारला लांब गेलात आणि सहाला वारा गेला, तर हातानं वल्हवत परत यायचं.

तीन दुरुस्त्या

मोबाईलवर अंदाज बघितला, १५ नॉट दिसले, सूत्रात घातले आणि साडेसहाचं शीड काढलं, असं करू नका. आधी तीन दुरुस्त्या करा.

पहिली, उंचीची. हवामानाच्या अंदाजातला वारा जमिनीपासून १० मीटर उंचीवरचा असतो. तुमच्या शिडाचा मध्य दोन-अडीच मीटरवर. तिथं वारा साधारण चार-पंचमांश उरतो. म्हणजे १५ चे १२ झाले. त्यात काठावर झाडांची रांग असेल तर तिच्या उंचीच्या दहापट अंतरापर्यंत, कधी त्याहून लांब, वारा अडलेला असतो.

दुसरी, उन्हाची. ही खास आपली. हवा तापली की विरळ होते. अकोला समुद्रसपाटीपासून पावणेतीनशे-तीनशे मीटर उंचीवर, अमरावती त्याहून थोडी वर. मे महिन्यात ४२ अंशांची दुपार घेतली, तर हिवाळ्यातल्या १२ अंशांच्या सकाळपेक्षा इथली हवा सुमारे दहा टक्के हलकी भरते. गोव्याच्या किनाऱ्यापेक्षा सात-आठ टक्के हलकी. तेवढ्याच वाऱ्याला जोर तेवढा कमी. म्हणजे गोव्यात सहाच्या शिडानं जे काम होतं त्याला इथं मे महिन्यात साडेसहा लागेल. फार मोठा फरक नाही, पण "तिथं चालत होतं, इथं का चालत नाही" या कोड्याचा हा एक धागा आहे.

तिसरी, झुळकांची. पहिल्या दोन दुरुस्त्या शीड वाढवा म्हणतात, ही मात्र कमी करा म्हणते. तापलेल्या जमिनीवरून येणारा वारा एकसारखा नसतो. सरासरी १२ नॉट असेल, पण मधेच २० चा झोत येतो. वीसला बारानं भागा आणि वर्ग करा: पावणेतीनपट जोर, तोही दोन सेकंदांत. सरासरी बघून मोठं शीड लावणारा माणूस या झोतात बूमसकट पुढे फेकला जातो. म्हणून जमिनीवरच्या पाण्यासाठी सल्ला असा की बोर्ड मोठा घ्या आणि शीड सरासरीला लागतं त्यापेक्षा अर्धा ते एक चौरस मीटर लहान ठेवा. मोठा बोर्ड वाऱ्याच्या खड्ड्यात तुम्हाला तरंगत ठेवतो, लहान शीड झोतात तुम्हाला सावरू देतं.

माझी चूक

आता माझ्यावर बेतलेलं सांगतो. मी हा खेळ नोकरीच्या काळात किनाऱ्यावर शिकलो. गावी परतलो तेव्हा सामान सोबत आणलं आणि फार शहाणा झालोय असं वाटत होतं. आपल्याच भागातलं एक धरण, मे महिना, दुपारी साडेचार. वारा मंद, आठ-नऊ नॉट. मी ७.५ चं शीड लावलं. सूत्राप्रमाणे तेही कमीच होतं, म्हणजे कागदावर माझं काहीच चुकलं नव्हतं.

तासाभरानं वारा एकदम पडला. पाणी आरशासारखं. काठावर एक म्हातारे भोई जाळं आवरत होते. त्यांनी हात करून मला बाहेर बोलावलं. मी म्हटलं, वारा तर गेला, आता कसली भीती? ते ओरडून म्हणाले, "वारा गेला नाई साहेब, धाव घ्याले मांगं सरकला!"

मी हसलो. पाच मिनिटांत उत्तरेकडून मातकट भिंत दिसली, अंगाला गार हवा लागली आणि ओल्या मातीचा वास आला. पुढचं मला तुकड्या-तुकड्यांत आठवतं. शीड हातातून गेलं, पुन्हा उभं करता येईना, पावसाचे थेंब खड्यांसारखे लागत होते. शिकवणाऱ्यांनी एक गोष्ट घोकून घेतली होती, काही झालं तरी बोर्ड सोडायचा नाही. तेवढी पाळली. शीड पाण्यात पडू दिलं, ते नांगरासारखं ओढत राहिलं, आणि मी बोर्डावर पालथा पडून राहिलो. अर्ध्या तासानं समोरच्या काठाला लागलो. तिथून चिखल तुडवत परत यायला अंधार पडला. ते भोई कंदील घेऊन थांबले होते. एक शब्द बोलले नाहीत. त्यांनी पुढे केलेला चहा मी खाली मान घालून प्यालो.

त्या दिवशी कळलं की माझं शीड त्या तासाला बरोबर होतं, त्या दिवसाला चूक होतं. एप्रिल ते जूनमधल्या ढगाळ, उकाड्याच्या संध्याकाळसाठी शिडाचं योग्य माप एकच: शून्य. सामान बांधायचं आणि घरी जायचं. हवामान खातं ज्याला चंडवात म्हणतं त्यात वारा एकाएकी किमान १६ नॉटनं वाढतो आणि २२ नॉटच्या वर जाऊन मिनिटभर तरी टिकतो. लहान शीड लावून त्याला तोंड देऊ, असं म्हणणं हा वेडेपणा आहे. त्यात वीज असते आणि तुम्ही उघड्या पाण्यावर कार्बनची उंच काठी धरून उभे असता. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं दामिनी नावाचं ॲप विजेची सूचना देतं, ते फोनमध्ये ठेवा. आणि काठावरच्या म्हाताऱ्यांचं ऐका.

मग घ्यायचं काय?

पाच शिडं घेऊ नका. सत्तरच्या आसपास वजन असेल आणि प्लेनिंग येत असेल तर दोन पुरतात: एक सातच्या जवळचं, एक साडेपाचचं. हे दोन्ही बहुधा ४३० सेंटिमीटरच्या एकाच मास्टवर बसतात, शिडावर लिहिलेलं असतं, वाचून घ्या. मास्ट वाचला म्हणजे मोठा खर्च वाचला. सातचं वर्षातल्या बहुतेक दिवसांसाठी, साडेपाचचं जून-जुलैसाठी. शिकत असाल तर एकच, साडेचार-पाचचं, आणि रुंद, दीडशे-दोनशे लिटरचा बोर्ड. पाण्याखाली उतरणारा मधला डॅगरबोर्ड असला तर उत्तम, मंद वाऱ्यात तो बोर्डाला आडवं वाहू देत नाही.

आणि शीड घ्यायच्या आधी एक वही घ्या. तीस रुपयांची. वर्षभर रोज नको, आठवड्यातून दोनदा लिहा: तारीख, वेळ, दिशा, वारा किती. मोजायचं यंत्र नसेल तर डोळ्यांनी लिहा. इंग्रज आरमारातल्या ब्यूफोर्टनं १८०५ मध्ये अशीच मापपट्टी केली, पुढे तिला जमिनीवरच्या खुणा जोडल्या गेल्या. आपल्या भाषेत सांगतो. लिंबाची पानं नुसती सळसळतात: ४ ते ६ नॉट, शिकणाऱ्याचा वारा. बारीक डहाळ्या सतत हलतात आणि देवळावरचा हलका झेंडा फडकतो: ७ ते १०. रस्त्यावरची धूळ आणि कागद उडतात: ११ ते १६, सातचं शीड काढा. लहान झाडं मुळापासून डोलतात: १७ ते २१, साडेपाच. विजेच्या तारा शिट्टी घालतात आणि छत्री आवरत नाही: २२ च्या पुढे, काठावर बसून बघा.

एका वर्षाची वही तुमच्या हातात असेल, तेव्हा दुकानदार तुम्हाला काय विकायचं ते ठरवणार नाही, तुम्ही ठरवाल.

एक शेवटचं. आपली मोठी धरणं पिण्याच्या पाण्याची आहेत. काटेपूर्णावर अकोला शहर जगतं, ऊर्ध्व वर्धावर अमरावती. काटेपूर्णाला तर अभयारण्य लागून आहे आणि हिवाळ्यात पाहुणे पक्षी येतात. तेव्हा जलसंपदा विभागाची, आणि लागेल तिथं वनविभागाची, परवानगी घेतल्याशिवाय पाण्यात उतरायचं नाही. हौस आपली असली तरी पाणी सगळ्यांचं आहे.

प्रश्नोत्तरं

सर, ऑलिम्पिकवाले तर एकच शीड वापरतात. मग आम्हाले दोन कायले पायजेत?

छान प्रश्न. शर्यतीत सगळ्यांना सारखं साधन मिळावं म्हणून तसं ठरवलेलं असतं. आरएसएक्स या प्रकारात, म्हणजे ईबाद अलीनं पदक मिळवलं त्यात, पुरुषांना ९.५ आणि महिलांना ८.५ चं शीड. वारा कितीही असो. ते लोक मंद वाऱ्यात शीड हातानं पंख्यासारखं हलवून बोर्ड पळवतात आणि जोराच्या वाऱ्यात ते ओझं पेलतात, कारण रोज तेच करतात. तुम्ही-आम्ही आठवड्यातून एकदा जाणार. आपण शिडाला आपल्या मापाचं करायचं, त्याच्या मापाचे व्हायला जायचं नाही.

माह्या पोराचं वजन चाळीस किलो हाये, वय बारा. त्यानं कोन्तं शीड घ्याव?

आधी त्याला पोहायला शिकवा, भाऊ. मग तीनच्या आसपासचं हलकं, लहान मुलांसाठीचं शीड. मोठ्यांचं जुनं चारचं मिळतंय म्हणून देऊ नका, त्याची काठी आणि बूमच त्याला जड होईल. विकत घेण्याआधी भोपाळ, हैदराबाद किंवा गोव्याला आठवडाभर रीतसर शिकू द्या. आवड टिकली तर खर्च करा. आणि अंगात जीवरक्षक जॅकेट असल्याशिवाय गुडघाभर पाण्यातही नाही. हे मोठ्यांनाही लागू आहे.

आता फॉइलवाले बोर्ड आले आहेत. ते मंद वाऱ्यात चालतात म्हणे. आपल्यासाठी तेच बरे नाहीत का?

तत्त्वतः हो. बोर्डाखाली पाण्यात पंख असतो, तो बोर्डाला पाण्याबाहेर उचलतो, घर्षण कमी होतं आणि लहान शिडानं काम भागतं. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये विंडसर्फिंग याच प्रकारात झालं. मंद वाऱ्याच्या प्रदेशाला हे वरदान आहे. अडचण पाण्याची. पंख जवळपास मीटरभर खोल असतो. आपल्या जलाशयात बुडालेले खुंट, जुने बांध, पाणवनस्पती. वेगात असताना पंख अडकला की माणूस पुढे उडतो. पाणी भरलेलं असताना, तळ माहीत असलेल्या जागी आणि साधा बोर्ड नीट आल्यावरच.

मोबाईलवरच्या अंदाजावर किती विश्वास ठेवावा?

दिशा आणि दिवसाचा कल यासाठी ठेवा, आकड्यासाठी कमी ठेवा. सोपा उपाय सांगतो. तुमच्या वहीत एक रकाना वाढवा: मोबाईल काय म्हणाला आणि पाण्यावर काय होतं. दोन-तीन महिन्यांत तुमच्या जागेचा फरक कळतो. कुठं तो नेहमी तीन नॉट जास्त सांगेल, कुठं दोन कमी. तो फरक कुठल्याच तक्त्यात मिळत नाही. तुमच्या वहीत मिळेल.

आणि काठावर कुणी जाळं आवरताना दिसलं, तर आधी त्यांना विचारा. मी तेव्हा विचारलं असतं तर मला तो चहा मान वर करून पिता आला असता.